बंद कंपनीचा झिओ चालू ठेवायचाय? मग आधी कार्ड बाहेर काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मोठ्या भावाने 2011 ला बॉस्टनहून झिओ, म्हणजे झोप मोजणारं यंत्र, आणला होता, बेडसाइडवाला, म्हणजे उशाशी ठेवायचं घड्याळ आणि कपाळाला बांधायचा पट्टा. तो आता तुमच्याकडे सांगलीला आलाय, घड्याळ लागतं पण पट्टा चार्ज धरत नाही, पॅड काळं पडलंय, आणि आतल्या मेमरी कार्डावर भावाच्या दोनेक वर्षांच्या रात्रींच्या नोंदी अडकल्यात ज्या बघायला वेबसाइटच उरली नाही. एवढा खटाटोप करावा की भंगारात द्यावं, असंही विचारलंय.

भंगारात देऊ नका. मी गेली चोवीस वर्षं हॉस्पिटलांची ईसीजी, ईईजी मशीनं दुरुस्त करतो आणि त्या धंद्यापायी माझ्या हाताखालून चार झिओ गेलेत, त्यातले तीन अजून चालतात. चौथा मीच मारला, ते पुढे सांगतो. पण लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका, आधी एक काम करा, घड्याळाची पिन काढा आणि एसडी कार्ड बाहेर घ्या. पट्टा, पॅड, बॅटरी हे सगळं परत करता येतं, भावाच्या त्या रात्री परत करता येत नाहीत, आणि अशा दुरुस्तीत लोक नेमकं हेच उलट्या क्रमाने करतात.

कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलंसं सरकणारं बटण असतं, नखाने खाली ओढायचं, म्हणजे कार्ड लॉक झालं, आता कॉम्प्युटर त्यावर काही लिहिणार नाही. हे न करता लोक कार्ड लावतात, मग विंडोज विचारतं फॉरमॅट करू का, आणि घाईत एंटर दाबला जातो. (माझ्याकडे एक गृहस्थ असं केलेलं कार्ड घेऊन आले होते, फोटोरेक या पुसलेल्या फाइली परत काढणाऱ्या प्रोग्रॅमने थोडंफार निघालं पण तारखांचा पार चिवडा झाला.) लॉक केल्यावर नुसती फाइल कॉपी करू नका, अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, काढून ठेवा, लिनक्सवर डीडी, विंडोजवर विन32 डिस्क इमेजर, दोन्ही फुकट आहेत. इमेज दोन ठिकाणी ठेवा. त्यानंतर कार्डात झिओस्लीप डॉट डॅट नावाची फाइल दिसेल, तीच तुमची संपत्ती, सगळ्या रात्री त्या एका फाइलमधे असतात.

ही फाइल नोटपॅडमधे उघडली तर कचरा दिसेल, घाबरू नका, ती बायनरी आहे. कंपनी जिवंत असताना ही फाइल त्यांच्या साइटवर चढवायची आणि ती तुम्हाला रंगीत आलेख दाखवायची. 2003 ला ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली कंपनी, बॉस्टनजवळ न्यूटनला ऑफिस, 2009 ला हे घड्याळ बाजारात आणलं आणि 2013 पर्यंत गाशा गुंडाळला, साइट गेली. पण त्या लोकांनी एक पुण्याचं काम करून ठेवलं होतं, फाइल उलगडायची जावामधली डीकोडर लायब्ररी आधीच खुली केली होती. तिच्यावर बेतलेले छोटे व्ह्यूअर लोकांनी बनवले, ते आजही ओपन सोर्सच्या साइटवर मिळतात, जावा टाकायचं, फाइल दाखवायची, सीएसव्ही म्हणजे एक्सेलला उघडणारी तक्त्याची साधी फाइल काढायची. सीएसव्हीत प्रत्येक रात्रीची एक ओळ येते, झेडक्यू नावाचा एकूण स्कोअर, एकूण झोप, झोप लागायला किती वेळ गेला, जाग किती वेळा आली, आरईएम म्हणजे स्वप्नांची झोप किती, हलकी किती, गाढ किती. ती ओळ एक्सेलला उघडली की भाऊ 2012 च्या कुठल्या रात्री किती वाजता झोपला ते तुमच्यासमोर.

आता इथे एक गोष्ट बोलतोच. हे यंत्र आज चालू होऊ शकतं याचं एकमेव कारण म्हणजे झोपेचा टप्पा यंत्र स्वतः ठरवतं आणि स्वतःच्या कार्डावर लिहितं, सर्व्हरला विचारत बसत नाही. याच कंपनीने 2011 ला झिओ मोबाइल काढला, घड्याळ काढून टाकलं आणि पट्टा ब्लूटूथने फोनला जोडला, दिसायला सुटसुटीत, सगळे त्याच्या मागे लागले, आणि कंपनी गेल्यावर तोच आधी आडवा झाला कारण ॲपच मिळेना. नंतरही तेच होत राहिलं. सेन्स नावाचा झोप मोजणारा गोळा होता, 2017 ला त्याची कंपनी बंद झाली, आता तो शोभेचा दिवा. बेडिट हे झोप मोजणारं यंत्र ॲपलने घेतलं आणि 2018 च्या नोव्हेंबरात त्याचं क्लाउड बंद. मनगटी पट्टे बनवणारी जॉबोन कंपनीही 2017 लाच मोडीत निघाली. त्यामुळे तुमच्या भावाने मोबाइल न घेता ढब्बं घड्याळ घेतलं हे नशीबच समजा. ज्यांच्याकडे मोबाइलवाला आहे आणि जुन्या फोनमधे ते ॲप अजून बसलेलं आहे त्यांनी तो फोन रीसेट करू नये, विकू नये, एवढंच सांगीन.

पुढे जाण्याआधी अडॅप्टर. तुम्ही लिहिलंय घड्याळ लागतं, पण कशावर लावलंय ते लिहिलं नाही. अमेरिकेतून आलेल्या वस्तूच्या अडॅप्टरवर इनपुटच्या पुढे काय छापलंय ते भिंग घेऊन वाचा. 100 ते 240 असेल तर नुसती पिन बदलणारा कन्व्हर्टर चालतो. फक्त 120 असेल तर आपल्या 230 वर लावला की आतला ट्रान्सफॉर्मर जळणार, आज नाही तर उद्या, आणि जाताना घड्याळालाही घेऊन जाऊ शकतो. तेव्हा आउटपुटचे व्होल्ट तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या प्लस-मायनसची खूण तीच, असा इथला अडॅप्टर घ्या. व्होल्ट जुळले म्हणून खूण न बघता लावू नका.

आता पॅड, कारण खरा आजार तोच आहे. लोकांना वाटतं झिओ बॅटरीने मेला. तो मेला पॅडने. पट्ट्याच्या आत कपाळाला लागणारं जे कापड आहे त्यावर चांदीचा थर असतो, तीन तुकडे, दोन बाजूचे कपाळावरचा सिग्नल घेतात आणि मधला संदर्भासाठी. कोरडं कापड, जेल नाही, म्हणूनच घरी वापरणं शक्य झालं. पण घाम, तेल, घासणं यांनी चांदी उडते, कंपनी स्वतःच दर तीन महिन्यांनी पॅड बदला म्हणायची, आणि कंपनी गेल्यावर पॅड येणार कुठून. ऑनलाइन कुणी कुणी अजून सीलबंद पॅड म्हणून विकतात, मी एकदा घेतले, पाकीट फोडलं तर आत चांदी काळी, अगदी देवघरातलं निरांजन पाच वर्षं घासलं नाही तर दिसेल तशी. चांदी नुसत्या हवेतल्या गंधकाने पण काळवंडते, सील काही कामाचं नाही. त्यापेक्षा स्वतः करा.

आधी तपासून घ्या. मल्टिमीटर ओमवर ठेवा, एक टोक मागच्या टिचबटणाला, दुसरं कापडावर फिरवा. चांगल्या चांदीच्या कापडाला चारदोन ओम दाखवतो, फार तर दहा. तुमच्या काळ्या पॅडवर आकडा किलोओममधे जाईल किंवा काहीच दाखवणार नाही, आणि मधेच चालू मधेच बंद असंही होईल, म्हणजे कापड तुटक झालंय. तुटक नसेल नुसतं काळपट असेल तर एक तात्पुरता उपाय आहे, वाटीभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, बोट बुडवून तिन्ही तुकड्यांवर फक्त ओल येईल इतकंच टिपायचं, एकात दुसऱ्याची ओल मिसळू द्यायची नाही. रात्र दोन रात्री निघतात. पण मीठच नंतर चांदी खातं, तेव्हा ही सवय करू नका.

दुसरा उपाय ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड. कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात पन्नासचं पाकीट मिळतं, पट्ट्याला तीन टिचबटणं आहेत त्यावर ते टचकन बसतात, जेल ओलं असल्याने सिग्नल कंपनीच्या पॅडपेक्षाही बरा येतो. तोटा असा की रात्रभर कपाळावर गोंद, सकाळी तीन लाल गोल, आणि ज्यांची कातडी नाजूक त्यांना पुरळ येतं. पट्टा, बॅटरी, घड्याळ हे सगळं धड आहे ना एवढं तपासायला मी हेच वापरतो, रोजच्याला नाही. एकदा पाकीट फोडलं की उरलेले झिपच्या पिशवीत ठेवा, जेल वाळलं की ते इलेक्ट्रोड बाद.

रोजच्या वापरासाठी पॅड शिवायचं. चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉनचं कापड ऑनलाइन मिळतं, रेडिओलहरी अडवायच्या कामासाठी विकतात, एक हातरुमालाएवढा तुकडा घ्या, वर्षाचे पॅड होतील. टिचबटणं मी पुण्याच्या रविवार पेठेतून, बोहरी आळीतून आणतो, जुनं पॅडच बरोबर घेऊन जायचं आणि पट्ट्यावरच्या बटणाला बसतं का ते दुकानातच दाबून बघायचं, कारण दिसायला सारखी पण अर्धा मिलिमीटरने फसवणारी खूप असतात. जुनं पॅड कागदावर ठेवून पेन्सिलने छाप काढा, बटणांच्या जागा टोचून घ्या. खालचं कापड न ताणणारं घ्या, जाडसर कॉटन, त्यावर चांदीचे तीन तुकडे, मधे बोटाच्या रुंदीएवढी नाही तरी आठ-दहा मिलिमीटरची फट सोडा, कारण झोपेत घाम येतो आणि घामाने दोन तुकडे जोडले गेले की दोघांतला फरकच संपतो, मग यंत्र मोजणार काय. बटण चांदीच्या कापडातूनच आरपार ठोका, नुसतं कॉटनवर ठोकून दोऱ्याने जोडू नका. झालं की परत मल्टिमीटर, प्रत्येक तुकडा आपापल्या बटणाशी चारदोन ओम, आणि शेजारच्या तुकड्याशी काहीच नको. पहिलं पॅड मी केलं तेव्हा चांदीचे धागे कडेने उसवून फटीत आले होते, डोळ्याला दिसेनात, मीटर मात्र लगेच ओरडलं. कडा दुमडून शिवा.

धुवायचं ते रिठ्याच्या पाण्यात किंवा अगदी सौम्य साबणात, ब्लीच अजिबात नाही, मशीनमधे नाही, पिळायचं नाही. आणि एक आपल्याकडचीच गोष्ट जी अमेरिकेच्या मॅन्युअलमधे सापडणार नाही, डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय असेल तर कपाळापर्यंत तेल येतं आणि पट्टा तासाभरात आंधळा होतो. गंध, अष्टगंध, टिकलीचा गोंद हेही तसंच. झोपायच्या आधी कपाळ साबणाने धुवा आणि कोरडं करा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. आमच्या मशीनवर पेशंट घेतानासुद्धा तंत्रज्ञ आधी कातडी घासून साफ करतात, रोध पाच किलोओमच्या खाली आणायला, हे काही वेगळं नाही.

बॅटरी. आधी बघा की दोष बॅटरीचाच आहे ना. पट्टा घड्याळावर ठेवून चार्ज होतो, तिथले धातूचे ठिपके घामाने हिरवट झालेले असतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, तरी नाही गेलं तर शाळेचं खोडरबर हलक्या हाताने. माझ्या तीनातल्या एकाला एवढ्यानेच झालं. नाही झालं तर डबी उघडायची, लोखंडी पातं नको, जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पिक, कडेने फिरवत. आत एका सेलची छोटी लिथियम पॉलिमर, नाममात्र 3.7 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, बाहेर काढून ई-कचऱ्याच्या डब्यात द्या. लांबी-रुंदी-जाडी मोजून घ्या, जाडी सगळ्यात महत्त्वाची, आणि त्या मापाची सेल घ्या जिच्या डोक्यावर पिवळ्या टेपखाली संरक्षण सर्किट आहे. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ब्लूटूथ इअरफोनवाल्यांच्या सेल ऑनलाइन. क्षमता थोडी कमी असली तर काही बिघडत नाही, रात्र निघाली की झालं. जास्त क्षमतेच्या मोहात जाड सेल कोंबू नका, कपाळावर दाबली गेलेली लिथियम सेल मला तरी नको.

आता मी चौथा कसा मारला ते. नवीन सेलची लाल वायर प्लस धरून जोडली, आणि कनेक्टरमधे वायरी उलट भरलेल्या होत्या. धूर वगैरे काही नाही, नुसता शांत झाला तो. स्वस्त सेलच्या कनेक्टरवर आणि वायरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावून बघायचं, हे मी रोज पोरांना सांगतो आणि त्या रात्री साडेअकराला घाई होती. आणखी एक, जुन्या सेलच्या दोन्ही वायरी कटरने एकदम कापू नका, कटरच शॉर्ट करतो, एक कापा, टेप लावा, मग दुसरी.

तुम्ही रॉ सिग्नलचंही विचारलंय, कुठेतरी वाचलंत म्हणून. खरं आहे, घड्याळाच्या मागे सीरियल पोर्ट आहे आणि 2.6.3आर नावाचं वेगळं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, टाकलं की तिथून मेंदूच्या लहरी थेट बाहेर येतात, सेकंदाला 128 नमुने, कंपनीने त्यासाठी पायथॉनची लायब्ररीही दिली होती. मजा आहे, नाही म्हणत नाही. पण तुमचं काम झोपेच्या आलेखाचं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, फर्मवेअर टाकताना लाइट गेली तर घड्याळाची वीट होते, म्हणजे ते कायमचं निकामी होतं, आणि सांगलीत लाइट कधी जाते ते तुम्हाला माहीत. करायचंच असेल तर यूपीएसवर करा, पोर्टवर किती व्होल्ट येतात ते आधी मोजा मगच केबल लावा, आणि ती लायब्ररी पायथॉन दोनच्या काळातली आहे हे लक्षात ठेवा, तीनवर चालवली की सीरियलमधून स्ट्रिंगऐवजी बाइट्स येतात आणि जिथे जिथे ऑर्ड हे फंक्शन लिहिलंय तिथे ती अडते, तेवढं काढून टाकायचं. दुसरं, तिच्यातला फिल्टर 60 हर्ट्झसाठी लिहिलाय कारण अमेरिकेची वीज 60 ची, आपली 50 ची. इथे चालवाल तर सिग्नलवर 50 चा गुणगुणाट बसलेला दिसेल आणि वाटेल पॅड चुकलं. पॅड चुकलेलं नसतं, फिल्टरचा आकडा बदला आणि मोबाइलचा चार्जर उशापासून लांब न्या.

एवढं करून मिळणारा आकडा किती खरा, हेही विचाराल. आजकालची घड्याळं मनगटाची हालचाल आणि नाडी बघून झोपेचा अंदाज करतात, झिओ कपाळावरून मेंदूची लहर बघतो, म्हणून तो जुना असूनही लोक सोडत नाहीत. गाढ झोपेत त्या संथ मोठ्या लहरी येतात, सेकंदाला चारच्या आत, त्या त्याला बऱ्यापैकी कळतात. पण हॉस्पिटलमधे आपण डोळ्याच्या बाजूला, हनुवटीला, छातीला, नाकाला सगळीकडे सेन्सर लावतो, याच्याकडे एकच चॅनल. झोपेचे पहिले दोन टप्पे, एन1 आणि एन2, तो एकत्र हलकी म्हणून टाकतो. आणि श्वास तो अजिबात बघत नाही, त्यामुळे घोरणं, मधेच श्वास अडकणं, दिवसा गाडी चालवताना पेंग येणं असं घरात कुणाला असेल तर झिओचा सुंदर आलेख दाखवून समाधान मानू नका, स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराची झोपेची तपासणी, करा. नवीन पॅडच्या पहिल्या पाचसहा रात्री मी हिशेबात धरतच नाही, पट्ट्याची सवय नसते, झोपच वेगळी लागते. आणि भावाच्या 2012 च्या गाढ झोपेशी तुमची तुलना करून घाबरू नका, वय वाढलं की गाढ झोप कमी होते, त्याचं तेव्हाचं वय आणि तुमचं आजचं वय बघा.

रोज वापरायला लागलात की घड्याळाची वेळ-तारीख आठवड्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघा आणि महिन्यातून एकदा कार्डाची कॉपी घ्या. त्यासाठी भावाचं मूळ कार्ड वापरू नका, ते पाकिटात घालून नाव लिहून कपाटात, घड्याळात दुसरं जुनं लहान कार्ड घाला, मी 2 जीबीच्या आतलंच घालतो, जुन्या कॅमेऱ्यात घरोघरी एखादं पडलेलं असतं. कॉपी घेऊन परत घालताना कडेचं ते लॉक उघडायला विसरू नका, मी विसरलोय, तीन आठवडे.

तर आता कार्डाची इमेज काढा, मग अडॅप्टरच्या छापील बाजूचा आणि पट्टा उघडल्यावर बॅटरीवरच्या अक्षरांचा असे दोन फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे जाडी कळेल. सेल कुठली घ्यायची ते त्यावरून सांगतो, तोवर डबी परत चिकटवू नका.